नऊ ग्रॅम अंगारा

विमान डावीकडे कललं. झालं ते एवढंच. हॉलमधला झोपाळा काढून ठेवलेला, त्याच्या कड्यांना दोन दोरे, एक विमानाच्या नाकाला, एक शेपटीला, आणि मध्ये ते तांबडं-पिवळं दुपंखी विमान; वर एक पंख, खाली एक पंख, दोहोंच्या मध्ये काडीएवढे खांब. निजलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसे यांनी दोन्ही हात काढून घेतले. विमान क्षणभर सरळ राहिलं, मग त्याची डावी बाजू खाली यायला लागली. घाई नाही, धसका नाही. पंगतीत वयस्कर माणूस पाटावर बसतो तशी सावकाश, गुडघ्यांना जपत खाली आली आणि थांबली. यांनी सरळ केलं, सोडलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा सोडताना यांनी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. पंखा मघाशीच बंद केलेला. खिडक्या लावलेल्या. खाली सदाशिव पेठेत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, तेवढाच आवाज. "डावा जड आहे," हे म्हणाले. माझ्याशी नाही, विमानाशी. मी मेथी निवडत बसले होते. काडी हातातच राहिली. कारण डाव्या पंखात काय आहे ते मला ठाऊक होतं. मीच ठेवलं होतं.

यांचं नाव अभय. चौतीस वर्षांत ते मी उखाण्याबाहेर घेतलेलं नाही, पण कीर्तनात बुवा देवाच्या अभयहस्ताबद्दल बोलायला लागले की मला अजूनही खाली बघावंसं वाटतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमच्यात एक ठरलं. भांडून नव्हे, चहा पिताना. हे म्हणाले, "तू मला देवळात ओढायचं नाहीस, मी तुला माझ्या टेबलाशी बसवणार नाही. माझ्या टेबलावरचं काही हलवायचं नाही. तुझ्या देवघरातलं मी काही हलवणार नाही." मी म्हटलं, "देवघरातलं हलवून तुम्ही करणार काय?" तर म्हणाले, "धूळ पुसेन." असा माणूस. कंपनीच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलं, केसाच्या दशांशाने मोजायची सवय. घरी आले की टेबल, त्यावर नकाशा, नकाशावर टाचण्या, टाचण्यांमध्ये त्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या. आणि मी साडेपाचला चपला घालून कीर्तनाला. साडेसातला परत यायचे तेव्हा हे त्याच जागी असायचे, फक्त एक फासळी वाढलेली असायची. मी आख्यान मनात घोळवत कुकर लावायचे, हे काहीतरी घासत असायचे, आणि त्या खरखरीच्या लयीत मला झांज ऐकू यायची. कुणी विचारलं असतं तर दोघांनीही सांगितलं असतं की आमचं काही एक जुळत नाही. पण त्या खरखरीशिवाय मला कधी झोप आली आहे असं आठवत नाही.

तो करार मी श्रावणात मोडला. सकाळी यांच्या हातून कप पडला, आणि हे खाली पडलेल्या कपाकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून पडला आहे. सहा दिवस दवाखाना. मेंदूतली बारीकशी रक्तवाहिनी तुंबली होती, मोकळी झाली, वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यातल्या गुरुवारी मी दत्ताच्या देवळातून अंगारा घेऊन दवाखान्यात गेले. काचेच्या दाराबाहेर नर्स म्हणाली, बाहेरचं काही आत न्यायचं नाही. पुडी मुठीत धरून घरी आले. हॉलमध्ये टेबलावर विमानाचा डावा खालचा पंख पडलेला होता. उजवे दोन्ही कागद चढवून तयार, भिंतीशी उभे. डाव्यांचा नुसता सांगाडा. फासळ्या, फासळ्या, फासळ्या. रात्रभर मी दवाखान्यात यांच्याच फासळ्या वरखाली होताना बघितल्या होत्या. मला काय झालं कुणास ठाऊक. कपाळाला लावता येत नाही तर निदान जिथे यांचा जीव आहे तिथे तरी असू दे, असं काहीसं. पंखाच्या टोकाशी लाकडाचं आवरण होतं, त्याच्या आत हात जेमतेम जात होता. पुडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, खळखळू नये म्हणून फेव्हिकॉलने चिकटवली, आणि हात जोडले. टेबलाला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.

हे घरी आले, महिनाभराने टेबलाशी बसले, आणि काही न दिसता डावे पंख पुरे झाले. म्हणजे यांना काही दिसलं नाही. मला दिसत होतं. तो रंगीत कागद छोट्या इस्त्रीने चिकटवतात, त्या इस्त्रीचा एक दिवस वेगळाच वास आला. स्वयंपाकघरातून धावत आले तर यांचं डावं बोट इस्त्रीला टेकलेलं, आणि हे शांतपणे उजव्या हाताने कागद ताणत होते. मी "अहो" म्हटलं तेव्हा बोट काढलं आणि म्हणाले, "तूप करपतंय का बघ." तूप नव्हतंच गॅसवर. दुसऱ्या दिवशी फोड आला. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना हात लावत विचारलं, कुठलं? हे एकामागून एक बिनचूक सांगत गेले. मी शेजारी बसले होते. पापण्यांच्या फटीतून बघत होते हे. साठी उलटलेला माणूस, परीक्षेत चोरून बघणाऱ्या मुलासारखा. मला इतकं हसू आलं आणि इतकी भीती वाटली की मी पर्समधला रुमाल शोधत राहिले. बोलले नाही. परत येताना स्कूटरवर मागे बसले, यांच्या डाव्या मुठीकडे बघत, आणि कात्रजच्या बाजूची मोठी गाडी आली की मनातल्या मनात नाम घेत.

आता दोऱ्यांवर विमान होतं आणि हे स्टुलावर बसले होते. मग म्हणाले, "पद्मजा, उजवे पंख मी आधी केले. डावे नंतर."

"हो."

"घासताना बोट फिरवून बघायचं असतं. कुठे जाड राहिलं, कुठे गोंद साचला. डोळ्यांना नाही दिसत ते."

मी मेथी खाली ठेवली.

"मला कळत नव्हतं," हे म्हणाले. "या हाताला. अजून नाही कळत. मला वाटलं, चाळीस वर्षांची सवय आहे, जमेल. विमानाने चोरी पकडली." आणि हसले. "डॉक्टरीणबाईंना फसवता आलं, याला नाही."

चार महिने मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते हे वाक्य. देवापाशी मागितलं होतं मी, यांच्याच तोंडून येऊ दे म्हणून. आणि ते आलं कशामुळे, तर माझ्या पुडीमुळे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, अहो, ते तुमचं नाही, ते माझं आहे. नाही सांगितलं. कारण हे पुढे म्हणाले, "रविवारी लोणी काळभोरच्या मैदानावर उडवायचं नाही. जब्बारभाईंना देऊन टाकतो. रिमोटवर डाव्या अंगठ्यात वेग असतो सगळा. अंगठा कुठे आहे तेच कळत नसेल तर लोकांच्या डोक्यावर विमान फिरवायचा मला अधिकार नाही. आणि स्कूटरही..." तिथे थांबले. माझ्या कानात ते 'स्कूटरही' घंटेसारखं वाजलं. जब्बारभाई म्हणजे यांच्या कंपनीतले टर्नर, मैदानावरचे यांचे जोडीदार. माणूस सोन्यासारखा, त्यांच्याकडे विमान सुखात राहिलं असतं. आणि हे जमिनीवर, माझ्याजवळ, धडधाकट राहिले असते. मी फक्त गप्प बसायचं होतं. सांगितलं की हे लगेच म्हणणार, म्हणजे हात ठीक आहे! आणि रविवारी पहाटे स्कूटर बाहेर. गप्प बसले तर सगळंच मिळत होतं. देवानेच हे घडवून आणलं, असंसुद्धा मला वाटून गेलं. आपल्या सोयीचं झालं की माणसाला देव फार लवकर दिसतो. यांनी फोन लावला. "उद्या सकाळी या, जब्बारभाई. न्यायला. नाही, उडवायला नाही, न्यायलाच." मग फोन ठेवून विमानाच्या डाव्या पंखाखाली उजव्या हाताचं एक बोट धरलं, सरळ केलं, आणि तसेच बसून राहिले. काढलं की कलणार म्हणून बोट काढेनात. साडेपाच वाजले. मी चपला घातल्या.

मार्गशीर्ष होता. दत्तजयंतीचा सप्ताह, देवळात दाटी, अगरबत्तीचा धूर, आणि उभ्या राहिलेल्या सत्यशीलाताई. नऊवारी, गळ्यात हार, एक पाय तालावर. त्यांचं कीर्तन मी वीस वर्षं ऐकते आहे. पूर्वरंगात त्या समजावतात आणि उत्तररंगात रडवतात, आणि रडवतानाच एखादा टोमणा असा मारतात की डोळे पुसता पुसता हसू फुटतं. त्या दिवशी निरूपण भक्ताच्या हट्टाचं होतं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तबल्याच्या प्रत्येक समेवर माझ्या डोळ्यांसमोर तो पंख खाली येत होता. आजवर कीर्तनात मी घर विसरले होते. आज घरात बसून कीर्तन विसरावं तसं झालं. ताई हात वर करून म्हणत होत्या की भगवंत भक्तासाठी काय काय करतो, आणि मला दिसत होतं यांचं एक बोट, अजून पंखाखाली असेल का, मुंग्या आल्या असतील का, की त्यात मुंग्यासुद्धा कळत नसतील. पण ते उजवं, उजव्याला कळतं. किती दिवस मी यांच्या बोटांचा असा हिशेब करते आहे! शेजारी बसलेल्या शेजवलकरकाकूंनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं की गजर सुरू झाला आहे आणि मी एकटीच टाळ्या वाजवत नाही आहे.

आरती झाल्यावर ताई तबलजींच्या मागे पाणी पीत होत्या. पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं. का त्यांना, ते माहीत नाही. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"विमानात?"

"हो."

"पद्मजाताई, अंगारा कपाळाला लावायचा असतो. विमानाला कपाळ असतं का?"

मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"ठेवलात ते चुकलं नाही. ठेवलात प्रेमाने. आता ज्यासाठी गप्प बसला आहात, ते काय आहे?"

"तेही प्रेमच, ताई. पडतील हो कुठेतरी."

"असेल. पण आपल्या ओझ्याखाली दुसऱ्याला वाकवून ठेवणं मी वीस वर्षांत कुठल्या आख्यानात प्रेम म्हणून सांगितलंय, आठवतं का?" मग पदराने तोंड पुसलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "इतकं ऐकून घरी जाऊन गप्पच बसायचं असेल तर उद्यापासून घरीच ऐका. फोनवर असतं सगळं. इथली जागा तरी मोकळी होईल."

घरी आले तर हे दिवा न लावता बसले होते. विमान डावीकडे कललेलं, यांचं बोट काढलेलं. मी दिवा लावला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. दवाखान्याचा गुरुवार, काचेचं दार, फेव्हिकॉल, सगळं. यांचा चेहरा मी आधी कधी न बघितलेल्या पायऱ्या उतरत आणि चढत गेला. राग आलाच नाही असं नाही. "माझ्या टेबलाला हात लावलास?" एवढं पहिल्यांदा म्हणाले. मग, "किती मोठी पुडी?" मग एकदम उठले. "म्हणजे... पद्मजा, म्हणजे माझा हात ठीक आहे!"

हेच. हेच मला माहीत होतं. मनात म्हटलं, देवा, माझं मी खाली ठेवलं. आता तू आणि हे.

यांनी ब्लेड घेतलं. डाव्या पंखाच्या टोकाशी कागदाला बोटभर चीर दिली, चिमट्याने आवरणाखालून पुडी सोडवली, आणि ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवली. नऊ ग्रॅम. "नऊ ग्रॅम!" हे म्हणाले, "टोकाला नऊ म्हणजे केवढे झाले माहितीये? राखेला एवढं वजन असतं?"

"गुरुवारी अभिषेकाचं पाणी पडून ओलसर असते."

"प्लास्टिकचं एक धर, फेव्हिकॉलचे दोन. शुद्ध श्रद्धा सहा." आणि ही गंमत करताना यांचा आवाज इतका हलका होता की मला पुन्हा त्या काचेच्या दारासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. कागदाचा तुकडा कापला, इस्त्री तापवली, डाव्या हाताकडे एकदा बघितलं. "इस्त्री तू धर," म्हणाले. "मी ताणतो." त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसले. टेबलाला लाकडाचा आणि यांच्या शर्टाचा वास येत होता. टेबलाच्या कडेवर पेन्सिलीने बारीक बारीक आकडे, मागल्या सगळ्या विमानांचे. चौतीस वर्षं मी या खोलीत झाडू मारला आणि ते मला कधी दिसले नाहीत.

मग विमान पुन्हा दोऱ्यांवर. हात काढले. सरळ राहिलं. किती वेळ सरळ राहिलं! यांनी माझ्याकडे विजयाने बघितलं, आणि तेवढ्यात डावी बाजू खाली यायला लागली. मघापेक्षा हळू, जवळजवळ नाईलाजाने, पण आलीच. थोडीशी येऊन थांबली. मी बघितलं नाही असं दाखवलं. दोरा पिळला असेल, असं म्हणता आलं असतं. चिकटवलेल्या तुकड्याचं वजन, असंही. यांना माझ्याहून अधिक सबबी माहीत होत्या आणि त्या सगळ्या यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसल्या. जब्बारभाईंना फोन करून, चूक सापडली, रविवारी येतो, एवढं म्हटलं की झालं. यांनी उजव्या पंखाच्या टोकावर शिशाची एक पट्टी ठेवली, काढली, लहान केली, पुन्हा ठेवली. विमान समतोल झालं. पट्टी काट्यावर ठेवली.

"चार," हे म्हणाले. "तुझे नऊ, माझे चार."

"चार म्हणजे काहीच नाही हो," माझ्याच तोंडून गेलं.

"चार म्हणजे चार." स्टुलावर बसले. डावा हात मांडीवर उताणा ठेवला, पहिल्यांदाच लपवला नाही. मी त्यावर हात ठेवला. "कळतंय?"

"दिसतंय," हे म्हणाले. मग, "ऊब कळते थोडी. सोमवारी जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. डोळे मिटून बसेन." आणि मग स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. "जब्बारभाई, न्यायला येऊ नका."

"आता काय झालं? मी शेल्फ रिकामं केलं इकडे."

"रविवारी आम्हाला दोघांना न्यायला या. तुमच्या गाडीतून. स्कूटर नाही काढायची. आणि तुमचा रिमोट आणा, दोन्ही रिमोट जोडायची वायर आणा. माझा डावा हात गेलाय."

मग जब्बारभाई म्हणाले, "श्रावणापासून गेलाय साहेब. मैदानावर चहाचा कप कुठल्या हातात धरता ते बघतोय मी. तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होतो. डावा अंगठा माझा, उजवा तुमचा. पडलं तर दोघांचं. वहिनी येणार म्हणताय, कीर्तन चुकेल ना त्यांचं?"

"सकाळी कुठे असतं कीर्तन," मी म्हटलं. "डबा आणते."

शिसं यांनी पंखाच्या टोकात बसवून टाकलं. दोन्ही टोकांचं वजन बदललं म्हणजे पुढचं-मागचंही पुन्हा बघायला हवं, म्हणाले. दुपंखी विमान त्यासाठी उलटं करतात, पोट वर, म्हणजे वरचा मोठा पंख खाली येतो. त्यावर दोन्हीकडे पेन्सिलीचे ठिपके आहेत, त्या ठिपक्यांखाली एकेक बोट धरून उचलायचं. हे आजवर एकट्याने दोन हातांनी करायचे. आता एका बाजूला उभे राहिले, उजवं बोट ठिपक्याखाली धरलं, आणि डावा हात पाठीमागे घेतला. "तिकडचं तू धर." मी म्हटलं, मला नाही येत. "येत काही नसतं. बोट ठेव आणि गप्प राहा. ते सांगतं." आम्ही उचललं. एवढं मोठं, आणि बोटावर एखाद्या पाखराएवढं. आत कुठेतरी काहीतरी सारखं हलत होतं, विमान की माझा हात ते कळेना. डोळे मिटले. शेवटच्या नामावर सगळे गप्प होतात आणि तंबोरा एकटाच उरतो, तेव्हा असं होतं.

"नाक खाली जातंय की शेपूट?" यांचा आवाज फार जवळून आला. "माझ्याकडे मला कळतंय, तुझ्याकडचं सांग."

मी थांबले. "नाक. थोडंसं."

"किती थोडंसं?"

"कधी पावसाचं मला न्यायला येता आणि देवळाच्या दाराशी उभे राहता ना... आत येत नाही, पण कुणी बघत नाहीसं बघून मान खाली करता. तेवढं."

मग पलीकडून यांच्या बोटाची थरथर पंखातून माझ्या बोटापर्यंत आली. हे हसत होते.

"मग बरोबर आहे," म्हणाले. "तेवढंच लागतं."